श्रावणाचा तिसरा दिवस : दारू सुटताना देव कुठं लागतो आणि डॉक्टर कुठं?

टिटवाळा : गटारीच्या रात्री काळूच्या आणि भातसाच्या काठानं, फार्महाऊसवर, शेतातल्या शेडमध्ये काय चालतं ते आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. महागणपतीच्या देवळाबाहेर दुर्वा, नारळ घेऊन लोक उभे असतात. त्या रांगेत दर वर्षी कुणी ना कुणी मनातल्या मनात बोलून टाकतो, ‘बाप्पा, आजपासून बंद. आता एक थेंब नाही.’

बोलतो ते खरंच मनापासून. बरेच जण श्रावण पाळतातही. काही जण तर गणपती विसर्जनापर्यंत ग्लासाला हात लावत नाहीत. अशा माणसाला दारूची आवड असेल, सवयही असेल, पण शरीर अजून तिच्या ताब्यात गेलेलं नाही. प्रश्न दुसऱ्या माणसाचा आहे. जो रोज पितो, वर्षानुवर्षं पितो, सकाळी उठल्यावर दोन घोट पोटात गेल्याशिवाय ज्याचा चहाचा कप हातात स्थिर राहत नाही, त्याचा. त्यानं शपथ घेतली तर पहिला दिवस कसाबसा निघतो. दुसऱ्या दिवशी तो घामानं भिजतो, उलट्या होतात, झोप लागत नाही. आणि तिसऱ्या दिवशी घरात गोंधळ उडतो.

त्याला भिंतीवर किडे चालताना दिसतात. वारलेला बाप दारात उभा राहून हाक मारतोय असं तो सांगतो. समजा रिक्षावाला असेल, तर रात्री दोन वाजता खाटेवर बसून हँडल धरल्यासारखे हात फिरवत बसेल, मधेच ‘स्टेशन, स्टेशन’ ओरडेल. कधी आकडी येते, दातखीळ बसते. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. कुणी म्हणतं, शपथ खोटी घेतली म्हणून देव कोपला. मग लिंबू, अंगारा, भगत. या धावपळीत जे एक-दोन दिवस जातात ते सगळ्यात महागाचे असतात, कारण ही अवस्था उपचाराशिवाय जिवावर बेतू शकते. वैद्यकात तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. तिच्यात भुताखेताचा काही संबंध नाही आणि देवाच्या कोपाचाही नाही.

मेंदूत नेमकं काय होतं

मेंदूत शांत करणारी एक रासायनिक यंत्रणा असते, तिचं नाव गाबा. आणि चेतवणारी दुसरी असते, ग्लुटामेट. दारू पहिलीला बळ देते, दुसरीला दाबते. म्हणून दोन पेग गेले की अंग सैल पडतं, भीड चेपते. पण मेंदू काही मूर्ख नाही. रोज कुणीतरी बाहेरून ब्रेक दाबतंय हे कळल्यावर तो आपला अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. वर्षानुवर्षं गाडी अशी चालते, ब्रेकही दाबलेला आणि अ‍ॅक्सिलरेटरही पिळलेला. आणि एका सकाळी, देवासमोर शपथ घेऊन, ब्रेकवरचा पाय एकदम काढला जातो. गाडी सुसाट सुटणारच.

शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरायला लागतात. आकडी यायची तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम आणि बरळणं सुरू होतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. रुग्णालयात यावर उपचार आहेत. मेंदूला हळूहळू उतरवणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन त्या कमी करत आणतात, पाणी आणि क्षार सांभाळतात, आणि बी-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व देतात. हे शेवटचं बारीक वाटतं, पण नाही. पिणारा माणूस जेवत नाही, त्याच्या अंगात थायमिन जवळजवळ संपलेलं असतं. त्याला थायमिनशिवाय नुसतीच ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ म्हणून दवाखान्यात नेताना तो रोज किती पितो हे लपवू नका. लाज घरी ठेवा, आकडा डॉक्टरला सांगा.

ही गोष्ट इतकी ताणून सांगायचं कारण एका सरकारी अहवालात आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ जण कुठे जातात? देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, प्रार्थनेला, बाबाकडे. म्हणजे आपल्याकडे व्यसनी माणसाचा पहिला डॉक्टर बहुतेक वेळा देवच असतो. तेव्हा देवाच्या दारात बसलेल्या माणसांना हा तिसरा दिवस माहीत असायला हवा.

एक गोष्ट अमेरिकेतली, एक आपल्या जुन्या जिल्ह्यातली

गणपतीच्या गावात ख्रिस्ती धर्माचा विषय कशाला, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. श्रद्धा आणि वैद्यक यांची सांगड घालून व्यसन सोडवायचा जो रस्ता आज जगभर वापरात आहे, तो ख्रिस्ती मंडळींतून निघाला. आणि त्याचं एक ठिकाण आपल्यापासून फार लांब नाही.

डिसेंबर १९३४. न्यूयॉर्कमध्ये बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस दारूपायी सगळं घालवून टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. पहिल्यांदा नव्हे, आधीही येऊन गेलेला. तिथल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं होतं की हा स्वभावाचा दोष नव्हे, आजार आहे. त्याच सुमारास त्याचा एक जुना पिणारा मित्र दारू सोडून त्याला भेटायला आला. हा मित्र ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळात जायला लागला होता. तिथे माणसं आपल्या चुका एकमेकांपुढे उघड बोलत, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करत, रोज प्रार्थनेला बसत. त्या दवाखान्यातल्या खाटेवर बिलला देवाचा अनुभव आला असं त्यानं पुढे सांगितलं. नंतर तो कधी प्यायला नाही.

या गोष्टीचा चमत्कारवाला भागच लोक सांगतात. पण नीट बघा, अनुभव आला तो उपचार चालू असताना, रुग्णालयात. डॉक्टर आणि देव तिथे एकाच खोलीत होते.

पुढच्या वर्षी, १९३५ च्या मे महिन्यात, बिल कामासाठी अ‍ॅक्रन गावी गेला. सौदा फिसकटला. हॉटेलात एका बाजूला बार, एका बाजूला टेलिफोन. त्यानं फोन उचलला आणि गावातल्या एका धर्मगुरूला विचारलं, इथे कुणी पिणारा आहे का ज्याच्याशी मी बोलू शकेन? त्या धाग्यानं तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोचला. बॉबनं शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी. हाच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेचा जन्मदिवस मानतात. भारतात एएचं काम १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालं.

या संघटनेच्या बारा पायऱ्या आहेत. दारूपुढे आपण हरलो हे कबूल करायचं, आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भार टाकायचा, आपल्या चुकांचा हिशेब लिहून दुसऱ्या माणसाला वाचून दाखवायचा, दुखावलेल्यांची भरपाई करायची, प्रार्थना-ध्यान करायचं, आणि शेवटी दुसऱ्या पिणाऱ्याला हात द्यायचा. चर्चमधला पापनिवेदनाचा संस्कार ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं मूळ लगेच ओळखू येईल. पण बिल आणि मंडळींनी एक शहाणपण केलं. ज्याला जसा देव समजला तसा त्यानं धरावा, असं लिहून ठेवलं. त्यामुळे आज वारकरी माणूस विठ्ठलाला धरतो, मुसलमान अल्लाला, आणि नास्तिक माणूस समोर बसलेल्या दहा जणांच्या मंडळालाच आपली मोठी शक्ती मानतो. चालतं.

दुसरी गोष्ट मुंबईची. फादर जो परेरा हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः दारूच्या विळख्यातून सुटलेले. धर्मगुरू आणि दारुडा, त्या काळात केवढी नामुष्की! त्यांनी ती लपवली नाही, तिचंच भांडवल केलं. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. फादर जो पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचे शिष्य. म्हणून कृपाच्या कामात एएच्या पायऱ्या, समुपदेशन आणि अय्यंगार पद्धतीची योगासनं अशी तिहेरी वीण आहे. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृपाचं निवासी केंद्र वसईतही आहे. वसई २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, पालघर वेगळा झाला तेव्हा गेली. चर्चच्या आवारात सुरू झालेलं काम, योगासनं म्हैसूरकडून पुण्यात आलेल्या गुरूची, आणि येणारी माणसं सगळ्या जातिधर्माची. असं मिश्रण आपल्याकडेच होऊ शकतं, आणि ते चाललंय.

प्रार्थनेनं मेंदूत काही बदलतं का?

दारू बंद केल्यावरचा शरीराचा त्रास ओसरायला चार-आठ दिवस लागतात. मेंदूतून तिची ओढ निघायला महिने लागतात, आणि खरं काम इथून पुढे असतं.

डोपामाइनचं नाव हल्ली सगळे घेतात, ‘आनंदाचं रसायन’ म्हणून. तसं नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळानं फळाचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाल्यावर माकडाच्या मेंदूत डोपामाइनच्या पेशी उसळत. काही दिवसांनी त्या दिवा लागताच उसळायला लागल्या, रस मिळाल्यावर नाही. म्हणजे डोपामाइन म्हणतं, ‘येतंय, येतंय, चल!’ आता हाच प्रयोग आपल्याकडे लावा. शनिवार संध्याकाळ, लोकलमधून उतरल्यावर पुलाखालचा तळलेल्या चकण्याचा वास, परमिट रूमची लाल पाटी, ‘येतो का?’ म्हणणारा मित्र. दारू अजून ग्लासातही नाही आणि मेंदूत दिवा लागलेला आहे. बायकोला वाटतं, यानं ठरवून फसवलं. तो स्टेशनवर उतरला तेव्हा खरोखरच सरळ घरी येणार होता.

कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे तो घरातल्या मोठ्या माणसासारखा असतो. ‘थांब, उद्या काय होईल?’ असं विचारणारा. सतत दारू पिऊन हा भाग दुबळा पडतो. झोप नाही, भूक आहे, भांडण झालंय, अशा वेळी तर तो बोलतच नाही. नुसता उपदेश का फुकट जातो ते यावरून कळेल. ज्याला उपदेश करायचा तो भागच आजारी आहे.

श्रद्धा उपयोगी पडते ती इथे, आणि ती कशी पडते हे आता थोडंफार मोजलंही गेलंय. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क गॅलँटर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक लहान अभ्यास प्रसिद्ध केला. एएमध्ये बरीच वर्षं काढलेल्या २० जणांना स्कॅनरमध्ये झोपवून दारूची चित्रं दाखवली. एकदा आधी वर्तमानपत्रातला मजकूर वाचायला दिला, एकदा प्रार्थना. प्रार्थनेनंतर ओढ कमी वाटली असं त्यांनी सांगितलं, आणि स्कॅनमध्ये लक्ष आणि भावना सांभाळणारे कपाळामागचे भाग जास्त काम करताना दिसले. फक्त २० माणसं, तीही मुरलेली. यावरून ‘प्रार्थनेनं दारू सुटते हे विज्ञानानं सिद्ध केलं’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. एवढंच म्हणता येईल की वर्षानुवर्षं केलेली प्रार्थना त्या मोठ्या माणसाला उठून उभं राहायला हात देत असावी. ओढीची लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. हरिपाठ असो, रोझरी असो की लांब श्वास, तेवढा अर्धा तास निघणं महत्त्वाचं.

त्याहून मोठा पुरावा माणसांच्या संगतीचा आहे. २०२० मध्ये कोक्रेन या नामांकित संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण एकत्र धरले गेले. एएकडे पद्धतशीर नेणाऱ्या उपचारानंतर वर्षअखेर १०० पैकी साधारण ४२ जण पूर्ण कोरडे राहिले, इतर मान्य उपचारांत ३५. फरक जादूचा नाही, पण खरा आहे, आणि एएला फी लागत नाही. हे का होतं याचाही अभ्यास झालाय. सगळ्यात मोठं कारण देव नव्हे, मित्र बदलणं हे निघालं. पिणारे चार सुटतात, न पिणारे चार मिळतात. श्रद्धेचा वाटा असतो, आणि जो जास्त खोलात बुडालेला त्याच्या बाबतीत तो जास्त दिसतो.

आपल्याकडे माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत. विचार करा, माळेसोबत त्याला काय मिळालं? पहाटेची अंघोळ, एकादशी, संध्याकाळचं भजन, दिंडी, आणि ‘माउली’ म्हणणारी माणसं. संध्याकाळी सात ते नऊ ही दारूची वेळ भजनानं व्यापली. नुसता तुळशीचा मणी गळ्यात असता आणि भजनाला कुणी बोलावलं नसतं, तर तो किती टिकला असता कोण जाणे.

शपथ मोडली तर

इथे श्रद्धेची एक बाजू घातक ठरते. शपथ ही काचेसारखी असते, एकदा तडा गेला की गेली. चार महिने न पिलेला माणूस हळदीत एक पेग घेतो. मग त्याच्या मनात येतं, मोडलीच तर मोडली, पापी तर झालोच. आणि त्या रात्री तो पूर्वीपेक्षा जास्त पितो. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञानं या घसरणीचा बारकाईनं अभ्यास केला. त्याच्या मते पहिला पेग नव्हे, तर पेगनंतरची शरम माणसाला बुडवते. शरम म्हणजे ताण, आणि ताण म्हणजे मेंदूसाठी पुन्हा तोच लाल दिवा.

एएच्या बैठकीत घसरलेला माणूस परत येतो, उभा राहून सांगतो, आणि त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजतात. कुणी हाकलत नाही. जन्मभराची शपथही तिथे नसते, ‘आजचा दिवस नाही’ एवढंच. दुबळ्या झालेल्या मेंदूला जन्मभराचा विचार पेलत नाही, संध्याकाळपर्यंतचा पेलतो. आपले महाराज, कीर्तनकार, पाद्री, मौलाना यांनी एवढं जरी उचललं, की शपथ मोडलेल्याला दारात उभं करायचं नाही, तर आत घ्यायचं, तरी पुष्कळ झालं.

आणि दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. आपल्या पाड्यांवर काही ठिकाणी प्रार्थनेला गेल्यावर दारू सुटली म्हणून घरं सुखी झाली, आणि त्यावरून गावात वादही झाले. दारू सुटली तर आनंदच आहे. पण धर्म बदलला तरच मदत, किंवा आमच्या देवावर विश्वास असेल तर गोळ्या बंद कर, असं कुणी म्हणत असेल, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तर तिथून उठून यावं. दुसरं, ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या असतात. पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. त्यात डायसल्फिरमसारखं औषध असलं आणि त्या माणसानं नकळत वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. डॉक्टर हे औषध देतात ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून. डाळीत कालवून नव्हे.

साखळीनं बांधून ठेवणाऱ्या ‘केंद्रां’बद्दलही हेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-नशेचे मानसिक आजार येतात, आणि साखळदंडानं बांधायला त्यात सरळ मनाई आहे.

घरात असा माणूस असेल तर

तो रोज पीत असेल आणि त्यानं आज शपथ घेतली असेल, तर त्याला हसू नका आणि आजच डॉक्टरकडे न्या. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर आकडी आली असेल, तर घरी सोडवायचा प्रयत्नच नको. आकडी आली, बरळायला लागला, ताप चढला तर १०८ ला फोन करून गोवेलीचं ग्रामीण रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६.

देव हवा असेल तर वसईला कृपा आहे. देवाचं नाव नको असेल, तर पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ मध्ये ते उभं केलं, मराठी घरांना ते नवीन नाही. एएच्या बैठका अनेकदा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये भरतात. जाताना नाव सांगावं लागत नाही, धर्म विचारत नाहीत.

आणि वहिनी, हे तुमच्यासाठी. बिलची बायको लोइस हिनं १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळं मंडळ सुरू केलं, कारण नवरा सुधारला तरी आपण रागानं धुमसतोय हे तिच्या लक्षात आलं होतं. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट याच कामासाठी आहे. तो उपचाराला यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता. त्याच्या परवानगीची गरज नाही.